अध्ययन अक्षमता आणि वर्गातील सोयी

प्रत्येक शाळेत असे काही विद्यार्थी आढळतात की, जे तोंडी विचारले तर उत्तर देतात, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतात, दुकानातून सामान आणताना हिशेब चोख ठेवतात. परंतु पुस्तक हाती दिले की अडखळतात. घरी मार बसतो, शाळेत 'ढ' म्हणून शेवटच्या बाकावर रवानगी होते. या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातील अक्षमतेला डिस्लेक्सिया, लेखनातील अक्षमतेला डिस्ग्राफिया व गणितातील अक्षमतेला डिस्कॅल्क्युलिया अशी नावे आहेत. ही अडचण बुद्धी कमी असल्यामुळे येत नाही, हे पालकांनी प्रथम लक्षात घ्यावे.

इ.स. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चुणचुणीत, अंकगणितात बरा, डोळ्यांत दोष नाही; सातव्या वर्षापासून शिकवलेले, तरी साधे शब्द वाचता येईनात. त्याच्या शिक्षकाचे मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. सर्व शिक्षण तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे ते मत होते. माझ्या मते वर्गातील सोयींचा सारा विषय त्या शिक्षकाच्या म्हणण्यात येऊन जातो.

आता आपल्या मराठीकडे पाहू. 'कि' मधील वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. 'सूर्य' मधला र उच्चारायचा आधी, पण तो जाऊन बसतो य च्या डोक्यावर. ध-घ, भ-म, थ-य ही अक्षरे एकमेकांसारखी. इतर मुले चार-सहा महिन्यांत हे पचवतात. या मुलांना वर्षे लागतात. आकड्यांचेही तसेच. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना २ आधी. म्हणून ५२ लिहिले जाते. सन २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असे संख्यावाचन दिले, तेव्हा त्याची थट्टाच फार झाली. मुलांची अडचण मात्र खरी होती.

अशा विद्यार्थ्याला वर्गात पुढे बसवावे. फळ्यावरून उतरवून घेण्यास जादा वेळ द्यावा किंवा शेजारच्या मुलाची वही घेऊ द्यावी. ओळीखाली पट्टी धरून वाचू द्यावे. गणितासाठी चौकटीची वही द्यावी, म्हणजे एकक-दशक सरकत नाहीत. सर्वांसमोर अचानक उभे करून धडा वाचायला लावू नये; वाचायचा उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवावा. इतिहासाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत, कारण तेथे परीक्षा इतिहासाची असते. यांतील कशालाही सरकारी प्रमाणपत्र लागत नाही, आणि चौकटीची वही सोडली तर खर्चही नाही.

"मग इतर मुलांवर अन्याय नाही का?" असा प्रश्न नेहमी येतो. मी बँकेत नोकरीला आहे. ज्या खातेदाराला सही येत नाही, त्याचा अंगठा घेतो, साक्षीदार घेतो, फोटो पाहतो. सही नाही म्हणून त्याच्या शिल्लक रकमेतून एक रुपयाही कमी करीत नाही, आणि अंगठा दिला म्हणून एक रुपया जास्तही देत नाही. खात्यात जे आहे तेच त्याला मिळते. जादा वेळ मिळालेल्या मुलालाही त्याला जे येते त्याचेच गुण मिळतात.

परीक्षेतील सवलतींसाठी मात्र कागद लागतो. महाराष्ट्रात दहावीच्या अशा विद्यार्थ्यांना १९९६ पासून सवलती मिळू लागल्या. १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत ती आली. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासामागे किमान २० मिनिटे जादा धरली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पुढे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या दाव्यात, ४० टक्के अपंगत्व नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हा सवलत ही कुणाची मेहरबानी नव्हे, हे शाळेत बोलताना पालकांच्या मनात पक्के असावे.

तपासणी साधारण आठव्या वर्षानंतर, म्हणजे तिसरीच्या सुमारास करून घ्यावी. डोळे व कान आधी तपासावेत. ग्रामीण भागात मुख्याध्यापकांमार्फत गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे चौकशी करता येते. आपली मंडळी बहुधा दहावीचा फॉर्म भरताना जागी होतात. तोवर सरकारी रुग्णालयातील तारखा पुढे गेलेल्या असतात. शिवाय सवलतीचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जायचा असतो, त्याला वेळ लागतो. अर्जाची आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स पोचेसह घरी ठेवावी.

राहिला लेखनिक. शालेय परीक्षेत तो सहसा खालच्या इयत्तेतला असतो. नेमका नियम शाळेत विचारून घ्यावा. येथे आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना मोठी मदत करता येईल. परंतु ऐन परीक्षेच्या दिवशी दोघांची पहिली भेट होता कामा नये. सांगणाऱ्याला वाक्य मनात जुळवून सावकाश सांगण्याची सवय लागते, स्वल्पविराम कोठे, नवा परिच्छेद कोठे, हेही बोलावे लागते. लिहिणाऱ्याने सांगितले तेवढेच लिहायचे असते; उत्तर चुकीचे वाटले तरी सुधारायचे नाही, भुवईसुद्धा उंचवायची नाही. हे वाटते तितके सोपे नाही. सहामाही परीक्षेनंतर दर रविवारी अभ्यासिकेत दोघांनी घड्याळ लावून एकेक जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. आकृत्या कोणी काढायच्या, हे पहिल्याच रविवारी शिक्षकांना विचारून ठरवून घ्यावे.