पेशीतील दोन पहारेकरी

“काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?” असे नाशिक परिसरातून आमच्याकडे येणाऱ्या अनेक भगिनी विचारतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत याचे उत्तर पेशीतच दडलेले आहे.

निरोगी पेशीत दोन प्रथिने पहारा देतात. पी-५३ बिघडलेल्या पेशीचे विभाजन थांबवते, वेळ पडल्यास तिचा नाशही घडवून आणते. आरबी अवेळी विभाजन होऊ देत नाही. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या घातक प्रकारांचे ई-६ हे प्रथिन पी-५३ला पेशीच्याच विघटनयंत्रणेच्या हवाली करते, तर ई-७ आरबीला निष्प्रभ करते. घरच्याच कोतवालाकरवी पहारेकऱ्याचा काटा काढावा, तसा हा प्रकार!

बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप ओसरतात. जो टिकतो, त्यातून कर्करोग उद्भवण्यास बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात आणि या काळात स्त्रीला काहीच जाणवत नाही. विषाणू मात्र चाचणीत सापडतो. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्याच सेवेवर असलेल्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या. एकदाच विषाणूचाचणी करून गरजेनुसार उपचार दिलेल्या गटात ३४.