आज्जीविषयी लिहायला बसण्याआधी

मंगळवेढा

चि. राणी,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा मजकूरही वाचला. आज्जीच्या वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची तुझी कल्पना मला मनापासून आवडली. पण मजकुरात ‘कष्टाळू’, ‘सोशिक’, ‘माउली’ हे शब्द पानोपानी आलेत. ते खोटे नाहीत. पण आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही म्हातारीच्या फोटोखाली ते चालतील. तिला काय काय येत होतं, ते आधी लिही. कष्टांचं त्यातून आपोआप कळेल.

तिची मूठच घे. रब्बीच्या पेरणीला तिफणीमागं चाड्यावर आई, म्हणजे तुझी आज्जी, असायची. पुढं बैल, तिफणीवर दादा, म्हणजे तुझे आजोबा, आणि ही चाड्यावर मूठ धरून बोटांच्या फटीतून मालदांडीचे दाणे सोडत चालायची. तिन्ही नळ्यांत बी सारखं पडायला हवं. एकराला चार किलोच्या आसपास बी, तेवढंच अख्ख्या रानाला पुरवायचं. पण खरं कसब पुढंच आहे. आपलं रान एकसारखं नाही. ओढ्याकडं काळी, भारी जमीन. माळाकडं हातभर खाली मुरूम. या ज्वारीला पेरणीनंतर पावसाचा भरवसा नसतो, जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती वाढते. हलक्या रानात दाट पेरलं की ओल लवकर सरते आणि कणीस भरायच्या आत ताट वाळून जातं. तास माळाकडं वळला की आईची मूठ आवळली जायची. बैल थांबत नसत, तीही थांबत नसे. पायाखालची माती बदलली की हाताला कळायचं. “ज्याचं पोट ल्हान, त्याला कमी वाढावं,” एवढंच म्हणायची. कृषी विद्यापीठात जे शिकवतात, ते तिच्या तळपायाला ठाऊक होतं. याला मी विद्या म्हणते, आणि तूही तसंच म्हण.

पेवाचंही, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचंही, तसंच. पेव उघडलं की पोरं आत डोकावायला धावायची आणि आई सगळ्यांना मागं ओढायची. आत कोंडलेल्या हवेनं माणूस जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आधी तोंड उघडं ठेवून वारा लागू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायची. ज्योत विझली की त्या दिवशी कुणीही उतरायचं नाही, मग घरातला थोरला माणूस का असेना.

आता तारखांचं. तिच्या आधार कार्डावरची १ जानेवारी खरी धरू नकोस. तारीख माहीत नसली की तीच पडते. तिचा हिशेब वेगळा होता. लग्न गांधीवधानंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९४८. तुझे धाकटे काका सव्वा महिन्याचे असताना पहाटे फळीवरची भांडी वाजली, तो ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. असे खुंटे मिळाले की बाकीचं आयुष्य त्यांना बांधता येतं.

बहात्तरचा दुष्काळ मात्र घाईत उरकू नकोस. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी, यांवर घर चाललं. १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, त्यामागं अशा लाखो बायकांच्या हातांचे फोड आहेत, हे जरूर लिही. पण त्या दुष्काळाच्याच वर्षी तुझ्या मोठ्या आत्याची शाळा सुटली. धाकट्यांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तो निर्णय आईचाच होता. मी शिकले, शिक्षिका झाले. माझ्याहून हुशार असलेली माझी बहीण सातवीवर राहिली. मोठीनं तो सल कधी लपवला नाही आणि आईनंही कधी सबब सांगितली नाही. हे गाळून आईला देवी करशील तर ती त्या पुस्तिकेत सापडणार नाही. लिहिण्याआधी मोठीला विचार, आणि ती सांगेल त्यातला एकही शब्द मऊ करू नकोस.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. पन्नास वर्षं ज्या रानात तिनं मूठ धरली, त्या रानाच्या सातबाऱ्यावर तिचं नाव यायला दादांना जावं लागलं. बायकोचं नाव लावता यावं म्हणून सरकारनं १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्तीची सोय केली होती. आपल्या घरात ते कुणी मनावर घेतलं नाही. वारस म्हणून तिचं नाव चढलं तो फेरफार काढून आण आणि त्याची नक्कल पुस्तिकेत छाप. फोटोपेक्षा मला तो कागद महत्त्वाचा वाटतो. तुझ्याही वडिलांच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते त्याच खेपेला बघून घे. मुलगी म्हणून तुझा हक्क आहे. विचारायला लाजू नकोस.

दिवाळीची वाट बघू नकोस, पेरणीतच ये. आपल्याकडं आता ट्रॅक्टर असतो, पण ओढ्यापलीकडच्या रानात अजून तिफण चालते. तिथली म्हातारी आईच्या जोडीनं चाड्यावर असायची. तिला ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख आहे. तिला बोलतं करायचं तर चाड्यावर तू स्वतः हात लाव. चुकीची मूठ बघितली की ती गप्प बसत नाही. फोनवर सगळं टिपून घे, तिचे शब्द तिच्याच बोलीत ठेव. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, त्यासाठी एक दिवस वेगळा राख आणि गट नंबर मला आधी कळव. मी अर्ज करून ठेवते.

तुझी,
धाकटी आत्या