बर्फ बोटाला का चिकटतो?

प्रश्न : माझी साडेतीन वर्षांची नात सुट्टीत अकोल्याला आमच्याकडे आली आहे. दुपारी तिला बाहेर सोडायची सोय नाही, म्हणून फ्रीजमधला बर्फ खेळायला दिला. खडा बोटाला चिकटला आणि ‘आजी, बर्फ चावला’ म्हणत रडायला लागली. रडणं थांबताच पुन्हा मागायला आली! बर्फ असा चिकटतो कशामुळे? सर्दी होईल म्हणून सूनबाई नको म्हणतात. तिला बर्फ द्यावा का, आणि दिला तर त्याचं काय करू द्यावं?
— एक आजी, अकोला

उत्तर : आधी चिकटण्याचं बघू. घरच्या फ्रीजरचं तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. त्यातून नुकत्याच काढलेल्या खड्याला बोट लागलं, की बोटावरचा ओलावा क्षणात गोठतो आणि बोट व खडा यांना जोडून टाकतो. थोड्या वेळात बोटाच्या उबेने तो थर वितळतो व बोट सुटतं. तेवढा धीर नसेल तर नळाचं पाणी सोडा, पण बोट ओढून काढू नका. खेळायचा बर्फ पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवून वरून पाणी सुटलं की मगच द्या. ओला बर्फ चिकटत नाही.

सर्दी विषाणूंमुळे होते, बर्फाला हात लावल्याने नाही. दमा असलेल्या किंवा गार खाल्लं की खोकणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. खरी काळजी घ्यायची ती घशाची. ट्रेमधला खडा नेमका लहान मुलाच्या घशात अडकेल एवढा असतो. तेव्हा खडे नकोतच. वाडग्यात किंवा जुन्या आइस्क्रीमच्या डब्यात रात्रभर पाणी गोठवून एकच मोठा गोळा करा. तो तोंडात मावत नाही आणि बराच वेळ टिकतो. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. अकोल्याच्या उन्हाळ्यातही मोठा गोळा तासभर सहज पुरतो तो म्हणूनच.

डबा काठोकाठ भरू नका. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं; काचेची बरणी तडकते, स्टीलच्या डब्याचं झाकण अडकून बसतं. गोळ्यात काही लपवायचं असेल तर आधी अर्धाच डबा पाणी गोठवा, त्यावर वस्तू ठेवा आणि मग उरलेलं पाणी ओता. एकदम सगळं ओतलं तर प्लॅस्टिकचा हत्ती वर तरंगतो आणि पाठ बाहेर काढून गोठतो. लपवायला मुठीत न मावणारी खेळणी, जास्वंदीचं फूल, आंब्याचं पान चालेल. मणी, चिंचोके, बटणं नकोत. गोळा निघत नसेल तर डबा उलटा धरून बुडावर नळाचं पाणी सोडा.

गोळा परातीत ठेवा आणि परातीखाली गोणपाट अंथरा, नाहीतर फरशी निसरडी होते. सोबत एक मोठा चमचा आणि दोन वाट्या द्या, एकीत साधं पाणी, दुसरीत कोमट. आणि मग, आजी, गप्प बसा! ‘बघ, कोमट पाण्याने कसा लवकर वितळतो’ हे वाक्य ओठावर येईल, ते गिळा. दोन्ही वाट्या ओतून बघितल्यावर नातच तुम्हाला ते सांगेल. तिने सांगितलं की विचारा, ‘असं का झालं असेल?’ उत्तर चुकलं तरी दुरुस्त करू नका, दुसरा गोळा द्या.

कोमट पाणी पडलं की गोळा तडतडतो, कारण बाहेरचा भाग झटकन तापतो आणि आतला थंडच राहतो, त्या ताणाने बर्फाला चिरा जातात. कान लावून ऐकायला तिला सांगा. गोळा उजेडात धरला तर कडा काचेसारख्या दिसतील, पोट मात्र पांढरं. पाणी बाहेरून आत गोठत जातं. पाण्यात विरघळलेली हवा आत ढकलली जाते आणि शेवटी मधोमध बुडबुड्यांच्या रूपाने अडकते. हे कारण तुम्हाला माहीत असलं म्हणजे पुरे. तिला ‘पोटात काय आहे?’ एवढंच विचारा.

रंग हवे असतील तर स्वयंपाकघरात आणि परसात भरपूर आहेत. बीट गडद गुलाबी देतं, कोकम लाल. गोकर्णीची निळी फुलं कोमट पाण्यात भिजवून ते पाणी गोठवा आणि वितळू लागल्यावर त्यावर लिंबू पिळायला द्या. निळा रंग जांभळा होतो. हळद टाळा, ती कपड्यांवरून जात नाही. गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर संध्याकाळी बर्फाचा गोळा फिरवला की ओल्या रेघा उमटतात आणि बघता बघता नाहीशा होतात. ‘पाणी कुठे गेलं?’ हा प्रश्न बहुतेक मुलं आपणहून विचारतात.

काही मुलांना ओलं-गार लागलेलं आवडत नाही. त्यांना हात लावायचा आग्रह करू नका, चमच्याने खेळू द्या. हात लाल झाले किंवा मूल ते झटकू लागलं की खेळ थांबवून हात पुसा. परातीत किंवा बादलीत पाणी साचलं असेल तर मुलाला तिथे एकटं सोडून क्षणभरही उठू नका. अगदी थोडं पाणीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : बर्फावर मीठ टाकायचा प्रयोग शाळेत दाखवला. घरी करू का? आणि मोठा तुकडा हवा म्हणून बाजारातून लादी आणली तर चालेल?
— पाच वर्षांच्या मुलाची आई, पुणे

उत्तर : करा, पण मीठ चमच्याने टाकायला लावा, हाताने नाही. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळतो. वितळताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, म्हणून बर्फ-मिठाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. कुल्फीवाले आणि पॉट आइस्क्रीमवाले याच गुणावर दूध गोठवतात. पण एवढ्या थंड मिश्रणात हात राहिला तर कातडीला भाजल्यासारखी इजा होते. जाडं मीठ एका जागी टाकलं की गोळ्यात भोकं आणि बोगदे पडतात. त्यात बिटाचं पाणी सोडलं की ते नीट दिसतात. तीन वर्षांखालच्या मुलांना हा खेळ नको, कारण मीठ तोंडात जातं. उरलेलं खारं पाणी कुंडीतही ओतू नका.

लादी नको. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे, तरी पांढरी लादी कुठल्या पाण्याची आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि मूल बर्फ चाटणारच. घरी पिण्याचं पाणी गोठवा.

प्रश्न : आमचा मुलगा विचारतो, बर्फाला स्वेटर घातला तर तो लवकर वितळेल ना?
— एक वडील, नाशिक

उत्तर : त्याला उत्तर सांगू नका, पण तुम्हाला सांगतो. स्वेटरमधला बर्फ उशिरा वितळतो. स्वेटर ऊब तयार करत नाही, उष्णतेची ये-जा मंद करतो. आपल्या अंगातली बाहेर जाऊ देत नाही, तशी खोलीतली बर्फापर्यंत पोचू देत नाही. बर्फवाला लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतो ते याचसाठी. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने याच समजुतीवर धंदा उभारला. १८३३ साली बोस्टनहून निघालेल्या ‘टस्कनी’ जहाजात सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर ते कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता.

दोन सारख्या वाट्यांत सारखाच बर्फ गोठवा. गोळे प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घाला, एक उघड्यावर ठेवा, दुसरा जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळा. कोणता आधी संपेल यावर घरातल्या प्रत्येकाने पैज लावायची, आजी-आजोबांनीसुद्धा. मोठी माणसंही पुष्कळदा हरतात.