खोल पाण्यातील वायू

समुद्रसपाटीला माणसाच्या शरीरावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरांगणिक त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते, आणि पाणबुड्याला पुरविला जाणारा वायूही तितक्याच दाबाचा असावा लागतो. नाहीतर त्याला छाती फुलविताच यावयाची नाही. अडचणीला सुरुवात होते ती येथूनच. जमिनीवर निरुपद्रवी असणारा नायट्रोजन सुमारे तीस मीटरांखाली मद्यासारखा अंमल करू लागतो. विचार मंदावतात, हात चुकतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे आपले काही चुकत आहे याचे भानच उरत नाही. ऑक्सिजनही निर्दोष नाही. त्याचा आंशिक दाब १.६ वातावरणांच्या पुढे गेला की आचके येण्याचा धोका वाढतो. साधी हवा घेऊन उतरणाऱ्याला ही मर्यादा ६६ मीटरांवर गाठते.

यावर तोड निघाली ती हेलियमची. ज्या मूलद्रव्याचा सुगावा १८६८ मध्ये प्रथम सूर्याच्या वर्णपटात लागला, ते पाण्याच्या तळाशी उपयोगी पडावे हा योगायोग मौजेचाच. हेलियम गुंगी आणत नाही आणि हलका असल्याने श्वासाला जड जात नाही. १९३७ मध्ये मॅक्स नोल हा अमेरिकन पाणबुड्या हेलियम-ऑक्सिजन मिश्रणावर मिशिगन सरोवरात ४२० फुटांपर्यंत गेला. १९३९ मध्ये ‘स्क्वालस’ ही बुडालेली अमेरिकन पाणबुडी सुमारे २४० फुटांवरून वर काढण्याच्या कामीही हेच मिश्रण वापरले गेले.

हेलियम दुर्मिळ असलेल्या स्वीडनमध्ये आर्ने झेटरस्ट्रॉम या अभियंत्याने हायड्रोजन निवडला. ऑक्सिजनचे प्रमाण चार टक्क्यांवर ठेवले तर हे मिश्रण पेट घेत नाही. परंतु इतका विरळ ऑक्सिजन सुमारे तीस मीटरांखालीच जीव धरून ठेवू शकतो. ऑगस्ट १९४५ मध्ये तो बाल्टिक समुद्रात १६० मीटरांपर्यंत उतरला. मिश्रणाने त्याला दगा दिला नाही. दगा दिला तो वरच्या माणसांच्या गैरसमजाने. दोरीवरील चुकीमुळे त्याला मध्ये न थांबविता थेट दहा मीटरांपर्यंत ओढण्यात आले. तेथे त्या वायूत श्वास घेणे म्हणजे गुदमरणेच होते. त्यातच त्याचा अंत झाला.

हेलियमचेही काही दोष आहेत. आवाज चिरका होतो. फार खोलवर हातांना कंप सुटतो, म्हणून मिश्रणात थोडा नायट्रोजन मुद्दाम राखतात. याहून त्रासदायक ती थंडी. हेलियम हवेच्या जवळजवळ सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो. पाणबुड्याचा जलरोधी पोशाख खोलवर दाबाने अंगाशी आवळला जातो, म्हणून त्यात थोडाथोडा वायू सोडावा लागतो. तो श्वासाच्याच सिलिंडरमधून, म्हणजे हेलियमच, सोडला तर अंगातील ऊब पाहतापाहता निघून जाते. याकरिता काही पाणबुडे आरगॉन वापरतात. त्याची उष्णतासंवाहकता हवेच्या दोन-तृतीयांशच. तथापि पोशाखात आधीची हवा उरली तर हा लाभ घटतो, आणि काही चाचण्यांत हवा व आरगॉन यांत फरक आढळलेला नाही. एक गोष्ट मात्र वादातीत आहे. आरगॉनमध्ये ऑक्सिजनचा लवलेश नसतो. चुकून तो तोंडाशी आला तर दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. म्हणून त्याचे सिलिंडर लहान, वेगळे व ठळक खुणेचे ठेवतात आणि त्याला श्वासनळी कधीच जोडीत नाहीत.