मुलांना विजेची ओळख करून देताना

आमच्या वसतिगृहाच्या मागे कपडे वाळत घालण्यासाठी पूर्वी एक लोखंडी तार होती. तिचे एक टोक कडुनिंबाला आणि दुसरे न्हाणीघराच्या पत्र्याच्या छपराला बांधलेले होते. एका पावसाळी सकाळी सातवीतील एक मुलगा गृहपालांकडे येऊन म्हणाला, "सर, तार चावते." गृहपाल प्रथम हसले, स्वतः पाहावयास निघाले, आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरून त्यांनी मेन स्विच बंद केला. न्हाणीघरातील दिव्याच्या वायरचे आवरण घासून गेले होते. ती पत्र्याला टेकली होती आणि पत्र्यातून वीज तारेत उतरली होती.

तार त्याच दिवशी काढून नायलॉनची दोरी बांधली. परंतु चौकशीत जे कळले ते आम्हांला अधिक अस्वस्थ करणारे होते. तो झटका त्या मुलाला आदल्या दिवशीही बसला होता. पायांत कोरड्या चपला होत्या म्हणून निभावले. त्याने सांगितले नाही, कारण विजेविषयी आम्ही मुलांना एवढेच शिकवले होते, की हात लावला तर शिक्षा होईल. रागावण्याची भीती असलेले मूल झटका लपवते, आणि ती तार पुढच्या मुलाची वाट पाहत राहते.

तेव्हापासून आम्ही हा पाठ वेगळ्या रीतीने घेतो. कोणतीही गोष्ट पडताळून पाहिल्याविना मानू नका, असे आम्ही मुलांना सांगत आलो आहोत. विजेच्या बाबतीत मात्र घरातील बोर्डावर पडताळा घेणाऱ्यास दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणून पडताळा सेलवर घ्यावयाचा. चार सेल, एक रोधक, एक लहान एलईडी दिवा आणि दोन मोकळी टोके. या टोकांमध्ये मुले खिळा, कोरडी काडी, प्लास्टिकची फणी ठेवून पाहतात. मग साध्या पाण्याची वाटी येते. दिवा मिणमिणतो, कधी लागतही नाही. त्यात मीठ टाकताच तो ठळक होतो. घामात मीठ असते हे मुलांना ठाऊक असते, त्यामुळे घामेजलेला हात आणि ओली लादी यांविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

मोठ्या मुलांना आकडे आवडतात. एक मिलिअँपिअर प्रवाह अंगातून गेला तर मुंग्या आल्यासारखे वाटते. दहाच्या आसपास स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि धरलेली तार सोडता येत नाही. "विजेने ओढून धरले" असे लोक म्हणतात ते हेच. तीसच्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येते. घरातील वीज २३० व्होल्टची. ओल्या शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. हा भागाकार मुलांनी स्वतः फळ्यावर करावा, असा आमचा आग्रह असतो.

येथे दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "मग फ्यूज उडत नाही का?" प्रश्न योग्य आहे, आणि अनेक पालकांचाही येथेच गैरसमज असतो. सोळा अँपिअरचा फ्यूज म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. माणसासाठी गळती ओळखणारे वेगळे यंत्र लागते, जे तीस मिलिअँपिअरच्या गळतीला निमिषार्धात पुरवठा तोडते. त्याला आरसीसीबी म्हणतात. त्यासोबत अर्थिंगही धड हवे. तीन पिनांतील मोठी पिन जाड व लांब का, हे मुलांना दाखवावे : ती सर्वांत आधी आत जाते आणि सर्वांत शेवटी बाहेर येते. ती कापून प्लग दोन पिनांचा करणारे महाभाग आपल्याच घरांत आहेत.

सर्वांत कठीण धडा मात्र सुटकेचा. एक मुलगा तार धरल्याचे सोंग घेतो आणि इतरांनी काय करावयाचे ते करून दाखवायचे असते. पहिल्या वेळी बहुतेक मुले धावत जाऊन त्याचा हात धरतात. माया असते तेथे असेच घडते. आईला वाचवावयास मुलगा, मुलाला वाचवावयास बाप, असे एकाच तारेवर एकामागून एक जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून आधी मेन बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावयाची. रस्त्यावर किंवा शेतात तुटून पडलेल्या तारेला काठीही लावावयाची नाही. ती ११,००० व्होल्टची असू शकते. दूर राहावे, इतरांना रोखावे, १९१२ वर कळवावे. आपण आधीच जवळ असलो तर लांब टांगा न टाकता, पाय जुळवून सरकत मागे यावे, कारण भोवतीच्या जमिनीतही वीज पसरलेली असते. सुटका झालेल्या माणसाचा श्वास चालत नसेल तर १०८ ला बोलावून छातीच्या मध्यावर मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा दाब द्यावा.

या सरावानेच आमची एक चूक उघड केली. एक मुलगी मेन बंद करावयास धावली आणि तशीच परत आली. मेन बोर्ड कार्यालयात होता आणि कार्यालयास कुलूप होते. जे शिकवत होतो ते आमच्याच इमारतीत करता येत नव्हते. आता बोर्ड व्हरांड्यात, सहावीच्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर आहे.

सुटीत मुले हे सारे घरी नेतात. तेथे बादलीतील हीटरचा रॉड असतो, काडेपेटीच्या काड्यांनी बोर्डात खोचलेल्या वायरी असतात, काही शिवारांत रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला बेकायदा प्रवाहही असतो. जयंतीच्या मिरवणुकीत उंच झेंडे असतात. एप्रिल २०२३ मध्ये विरार येथे मिरवणुकीच्या वाहनावरील लोखंडी गज डीपीला लागून दोघांचे प्राण गेले. झेंड्याला बांबू वापरावा, तोही कोरडा, आणि तारांखाली तो आडवा करावा, असे आमची मुले आता वस्तीतील मोठ्यांना सांगतात. काही मोठ्यांना ते रुचत नाही. एक पालक आमच्याकडे तक्रार घेऊन आले होते, की मुलीने हीटर बंद करून पिन काढल्याखेरीज बादलीला हात लावू दिला नाही आणि कामाला उशीर झाला. आम्ही त्यांना चहा दिला आणि व्हरांड्यातील बोर्ड दाखवला. जाताना त्यांनी विचारले, आरसीसीबी बसवायचे तर वायरमनला नेमके काय सांगावयाचे? आम्ही ते कागदावर लिहून दिले. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे वायरमन आहेत ते दर जूनमध्ये, पावसाआधी, येथे अर्थिंग तपासावयास येतात. त्यांच्यापैकी कोणी त्या वस्तीजवळ राहत असल्यास आम्हांस जरूर कळवावे.