मंडईला जाऊ या

दिवाळी आली, भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडईचे दिवस येतात. दवनीवाडा हे गाव गोंदिया तालुक्यात आहे. या बाजूच्या गावोगावी मंडई भरते. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, साऱ्या झाडीपट्टीत ती भरते.

पुण्याकडे मंडई म्हणजे भाजीचा बाजार. तो रोज भरतो. आपली मंडई वर्षातून एकदा. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. सगळ्यांनी एकच दिवस धरला तर पाहुणा कुठे कुठे जाईल? लेकी येतात, जावई येतात. मुलामुलींच्या सोयरिकीच्या गोष्टी निघतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. ही नाटके करणाऱ्या पुष्कळ मंडळ्या वडसा गावी आहेत.

पण एक अडचण असते. मंडई येते तेव्हा बरेचसे धान बांधीत किंवा पुंजण्यात असते. ते विकून पैसा हाती यायला वेळ असतो. म्हणून काही लोक उसने घेऊन मंडई करतात. मग धान विकले की आधी ते फेडावे लागते.

आता एक घर पाहा. नवरा, बायको, आजी, एक मुलगा, एक मुलगी. बायको मागच्या वर्षी रात्रीच्या वर्गात लिहायला शिकली. घरून निघताना तिने कागदावर लिहिले : ५०० रुपये. नवरा हसला. म्हणाला, "मंडईले जातो का कचेरीत?" तिने कागद घडी करून पदराला बांधला.

मैदानात दुकानेच दुकाने. बांगड्या, खेळणी, ऊस, तळ्यातले शिंगाडे. मुले आधी हॉटेलाकडे ओढू लागली. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि पुढे मोठी कढई. बाईने दोन गोष्टी पाहिल्या. जिलबी झाकलेली होती. भावाची पाटी लावलेली होती. तिने पाटी मोठ्याने वाचली :

आलूबोंडा, १ प्लेट – २० रुपये
चहा, १ कप – १० रुपये
जिलबी, १ किलो – २०० रुपये

त्यांनी पाच प्लेटी आलूबोंडा घेतला. मोठ्यांनी तीन चहा घेतले. पाव किलो जिलबी घेतली. आजीला दात नाहीत, पण जिलबी तिनेच जास्त खाल्ली.

"किती झाले जी?" नवऱ्याने विचारले.

"दोनशे."

नवऱ्याने नोट काढली. बाई म्हणाली, "थांबा." तिने कागदावर मांडले :

५ प्लेटी × २० = १००
३ चहा × १० = ३०
पाव किलो जिलबी = ५०
एकूण = १८०

"प्लेटी पाच जी, सहा नाही." दुकानदाराने उष्ट्या प्लेटी मोजल्या. पाचच होत्या. गर्दीत शेजारच्याची एक प्लेट यांच्यात धरली गेली होती. त्याने वीस रुपये परत दिले. भांडण झाले नाही. कागद पुढे असला की आवाज चढवावा लागत नाही.

पुढे शिंगाडे घेतले. पूर्वी आपल्याकडे शेर आणि मण चालत. १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून हळूहळू किलो आला. वजनावर सरकारी तपासणीचा शिक्का असतो, तो पाहावा. वजनाच्या जागी दगड ठेवला असेल तर तिथे घेऊ नये. बंद पुड्यावर किंमत, वजन आणि तारीख छापलेली असते. छापील किमतीपेक्षा जास्त मागता येत नाही. जत्रेचा दिवस असला तरी नाही.

बांगड्या झाल्या, मुलाची शिट्टी झाली. कागदावर ६० रुपये शिल्लक दिसत होते. खांबावर नाटकाचा कागद चिकटवला होता. आजी म्हणाली, "वाच बाई, किती वाजता हाय?"

बाईने बोट ठेवून वाचले, "रात्री साडेनऊ. तिकीट..." मग ती थांबली, माणसे मोजली आणि नवऱ्याकडे पाहिले.

"मले झोप येते," नवरा म्हणाला. "तुम्ही दोघी जा."

तिकीट ३० रुपये होते.