जमिनीची ओल मोजण्यास आर्डुइनो बोर्ड

पिकास पाणी केव्हां द्यावें हें आपण मातीचा गोळा मुठींत दाबून ठरवितों. ह्या परीक्षेस आंकड्यांची जोड द्यावयाची असल्यास आर्डुइनो ऊनो हा लहानसा बोर्ड उपयोगी पडतो.

प्रथम संगणकावर आर्डुइनोचें मोफत मिळणारें सॉफ्टवेअर घालावें, बोर्ड यू.एस.बी. केबलनें जोडावा आणि यादींतून बोर्डाचें नांव व पोर्ट निवडावें. नंतर ‘ब्लिंक’ हा तयार प्रोग्राम चढवावा. बोर्डावरील दिवा एक सेकंद लागून एक सेकंद विझूं लागला, म्हणजे जोडणी बरोबर आहे असें समजावें.

आतां ओलीच्या सेन्सरच्या तीन तारा ५ व्होल्ट, ग्राउंड व ए-० ह्या ठिकाणीं लावाव्या. ‘अ‍ॅनालॉग रीड सीरियल’ हा नमुना चढवून ‘सीरियल मॉनिटर’ उघडतांच ० ते १०२३ यांमधील आंकडा दिसूं लागेल. हा आंकडा म्हणजे ओलीचा टक्का नव्हे. म्हणून आपल्याच शेतांतील माती एकदां पूर्ण वाळवून व एकदां भिजवून निथळल्यावर, असे दोन आंकडे वहींत टिपून ठेवावे. पुष्कळ सेन्सरांत माती जितकी ओली तितका आंकडा कमी येतो, हें ध्यानांत असावें. काळी व मुरमाड जमीन यांची परीक्षा निरनिराळी करावी. एकीचा आंकडा दुसरीस लावल्यास पीक सुकेल किंवा मुळें कुजतील.

पंप बोर्डास थेट कधींहि जोडूं नये. बोर्डाच्या एका टोकावर २० मिलिअँपिअरहून अधिक भार घालूं नये, असा दंडक आहे. मध्यें रिले व स्टार्टर हवा. तें काम जाणत्या वायरमनकडून करवावें.

पहिला हंगामभर मूठ व आंकडा दोन्ही ताडून पहावे, मगच आंकड्यावर भिस्त ठेवावी.